कर्नाळ्याचा सुळका व 'टेहळणीचे ठाणे' : एका रूढ विधानाचे परीक्षण

(१) पूर्वपक्ष

पनवेलच्या दक्षिणेस, मुंबई-गोवा हमरस्त्याच्या कडेला उभा असलेला कर्नाळा किल्ला त्रैमासिकाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. समुद्रसपाटीपासून सुमारे ४४० मीटर उंचीचा हा डोंगर, आणि त्याच्या माथ्यावर एखाद्या अंगठ्याप्रमाणे उभा असलेला सुमारे सव्वाशे फूट उंचीचा काळ्या कातळाचा सुळका, ही जोडी नवी मुंबईच्या कोणत्याही उंच जागेवरून स्वच्छ हवेत सहज ओळखू येते. जुन्या वृत्तांतांत ह्या सुळक्यास 'पांडूचा मनोरा' असे म्हटलेले आढळते. मुंबईच्या बंदरात शिरणाऱ्या इंग्रज खलाशांनी तर ह्याच आकारावरून सबंध डोंगरास 'फनेल हिल' असे नाव दिले होते.

ह्या सुळक्याविषयी एक विधान आता इतके रूढ झाले आहे की, ते सिद्ध करावयास हवे ह्याचेही भान राहिलेले नाही. विधान असे की, 'हा सुळका पूर्वी टेहळणीचा बुरूज म्हणून वापरला जात असे.' अलीकडे त्यास आणखी एक पुस्ती जोडली जाते. सुळक्यावर रात्रंदिवस पहारा असे. शत्रू किंवा वणवा दिसताच तेथे जाळ पेटवीत. आणि तो पाहून प्रबळगड, माणिकगड व बेलापूर येथील ठाणी सावध होत, असे सांगण्यात येते. पर्यटकांसाठी लिहिलेली पुस्तके, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या व वाटाड्यांची तोंडी माहिती ह्यांतून हे चित्र इतके रंगविले गेले आहे की, गडाखाली ह्याच मजकुराचा दगडी फलक उभा राहण्यास आता फार विलंब लागेल असे वाटत नाही. फलक एकदा उभा राहिला म्हणजे तोच पुढील लेखकांचा पुरावा होतो. सबब त्यापूर्वीच ह्या विधानाची छाननी व्हावी, एवढ्याच हेतूने प्रस्तुत परीक्षण लिहिले आहे.

(२) वृत्तांताची विश्वसनीयता

कोणत्याही साक्षीदाराचे एक विधान तपासण्यापूर्वी त्याची इतर विधाने कशी आहेत ते पाहावे, हा न्यायसभेचा नियम इतिहाससंशोधनासही लागू आहे. सुळक्याच्या टेहळणीचे विधान ज्या वृत्तांतांत येते, त्यांतच कर्नाळ्याची एक कालावळीही सामान्यतः दिलेली असते. तीतील तीन कलमे पाहू.

पहिले कलम : इ. स. १३१८ ते १३४७ पर्यंत किल्ला तुघलकांकडे होता. इ. स. १३१८ मध्ये देवगिरीचे राज्य दिल्लीस जोडले गेले हे खरे. परंतु ते जोडले कुतुबुद्दीन मुबारकशहाने, आणि तो खलजी घराण्यातील होता. गियासुद्दीन तुघलक दिल्लीच्या तख्तावर बसला तो इ. स. १३२० मध्ये. अर्थात पहिली दोन वर्षे तुघलकांच्या खाती मांडणाऱ्याने राजवंशांची कोष्टके पडताळून पाहिलेली नाहीत, हे उघड आहे.

दुसरे कलम : इ. स. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. जून १६६५ मधील पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले, त्यांच्या यादीत कर्नाळ्याचे नाव आहे. जो किल्ला महाराजांनी १६६५ मध्ये मोगलांस दिला, तो १६७० मध्ये पोर्तुगीजांकडून परत कसा येणार? मध्यंतरी पोर्तुगीजांनी तो मोगलांकडून घेतला असे दाखविल्यावाचून हे विधान उभे राहत नाही, आणि तसे दाखविण्याचा यत्न हे लेखक करीत नाहीत. १६७० मध्ये तहातील किल्ले एकामागून एक परत घेतले जात होते. कर्नाळाही त्याच ओघात मोगलांकडून परत आला, असे समजणे हेच सरळ होय. पोर्तुगीजांचा संबंध सोळाव्या शतकातील निजामशाही व गुजराती झगड्यात येतो. तो शंभर वर्षे पुढे ओढला गेला आहे, असे दिसते.

तिसरे कलम संग्राहकांच्या विशेष आस्थेचे आहे. गडावर दोन लेख नोंदलेले आहेत. खालच्या दरवाजाच्या आतील अंगास असलेल्या मराठी लेखात काळ दिलेला नाही. वरच्या दरवाजावरील फारसी लेखात सय्यद नूरुद्दीन महंमद खान हे नाव व हिजरी ११४६ हे वर्ष आहे, असे सांगतात. आणि लागलीच कंसात 'इ. स. १७३५' असे छापतात. आता हिजरी ११४६ चा आरंभ जून १७३३ मध्ये होतो व शेवट जून १७३४ च्या पहिल्या दोन-तीन दिवसांत होतो. म्हणजे हे वर्ष १७३५ ला स्पर्शही करीत नाही. आकडा हिजरी नसून शुहूर सनाचा असेल असे म्हणावे, तर सन सीत अर्बैन मया व अलफ म्हणजे इ. स. १७४५-४६ होते. दक्षिणी फसली धरावा, तर १७३६-३७ येते. आपल्या प्रांतातील कागदांत चालणाऱ्या ह्या तिन्ही गणनांपैकी कोणतीही घेतली तरी १७३५ निघत नाही. तात्पर्य, हा आकडा कोणीतरी एकदा अदमासाने लिहिला व पुढील सर्वांनी तो गणित न करता उतरून घेतला.

हा केवळ वर्ष-दोन वर्षांचा घोळ म्हणून सोडून देण्याजोगा नाही. इ. स. १७३३ हे बाजीराव पेशव्यांच्या जंजिरा मोहिमेचे वर्ष आहे. त्याच वर्षीच्या जून महिन्यात रायगड मराठ्यांकडे परत आला. त्या धामधुमीत पनवेलच्या दक्षिणेकडील डोंगरावर एक मुसलमान अधिकारी दरवाजावर स्वतःचे नाव कोरवितो, ह्याचा अर्थ एक होतो. वसईच्या मोहिमेच्या ऐन तोंडावर कोरवितो, ह्याचा अर्थ दुसरा होतो. आणि १७४५ नंतर कोरवितो, ह्याचा अर्थ अगदीच निराळा होतो. लेखाचा शाईचा ठसा नव्याने घेऊन आकडा व सनाचे नाव ही दोन्ही वाचली पाहिजेत. तोपर्यंत १७३५ हा आकडा कोणीही पुन्हा छापू नये, हे बरे.

तीन कलमांची ही अवस्था असता, ज्यास मूळ कागदाचा आधार मुळी दाखविलाच जात नाही असे चौथे कलम, म्हणजे सुळक्यावरील टेहळणी, केवळ बहुतांनी लिहिले म्हणून कसे स्वीकारावे?

(३) उंची हा हेतू पुरेसा नाही

'पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर दिसतो', हे न्यायशास्त्राचे पहिले उदाहरण पाठशाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. त्याच शास्त्रात पुढे असेही शिकवितात की, हे अनुमान उलट फिरविता येत नाही. जेथे अग्नी तेथे धूर असे म्हणता येत नाही. कारण धूर होण्यास ओल्या सर्पणाचा संयोग लागतो. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ह्या जादा अटीस उपाधी म्हणतात, आणि ज्या अनुमानास उपाधी लागली ते अनुमान गळून पडते.

आपल्या पूर्वपक्षाचे अनुमान असे मांडता येईल : सुळका टेहळणीचा होता, कारण तो सर्वांत उंच आहे. येथे 'उंची' हा हेतू व 'टेहळणी' हे साध्य. परंतु ह्या हेतूस उपाधी आहे, आणि ती म्हणजे चढण्याची वाट. जेथे जेथे टेहळणी होती तेथे तेथे माणसास नित्य वर जाता येईल अशी वाट होती. पण जेथे जेथे उंची आहे तेथे तेथे वाट असतेच असे नाही. उपाधी साध्यास व्यापते, हेतूस व्यापीत नाही. तेव्हा केवळ उंचीवरून टेहळणी सिद्ध होत नाही.

प्रत्यक्ष स्थिती काय आहे ते पाहावे. कर्नाळ्याच्या सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली टाकी व कोठारे आहेत. म्हणजे पायथा वापरात होता ह्यात संशय नाही. परंतु सुळक्याचा उभा कातळ चढण्यास दोर, मेखा व ती विद्या शिकलेली माणसे लागतात. ज्यांनी पायथ्याशी एवढे खोदकाम केले, त्यांस वर पहारा ठेवावयाचा असता तर पायऱ्या खोदणे अवघड नव्हते. ह्याचे उत्तर समोरच्या डोंगरावर मिळते. प्रबळगडाच्या उत्तर टोकाशी असलेल्या कलावंतिणीच्या सुळक्यास पायथ्यापासून वरपर्यंत कातळात पायऱ्या कोरलेल्या आहेत. तो सुळका सुमारे ६८६ मीटर उंच असून त्याची चढण छातीत धडकी भरविणारी आहे. तरीही तेथे माणूस नित्य वर जावा असा कोणाचा तरी हेतू होता, हे त्या पायऱ्याच सांगतात. एकाच मुलखातील दोन सुळके. एकास पायऱ्या आहेत, दुसऱ्यास नाहीत. ह्या फरकाचा विचार न करता दोहोंसही 'टेहळणीचा बुरूज' ही एकच चिठ्ठी चिकटविणे, हे परीक्षण नव्हे.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट सांगावीशी वाटते. कर्नाळ्याच्या सुळक्यास आग्या मधमाश्यांची मोठमोठी पोळी लटकलेली असतात, आणि धुराने वा गलबल्याने त्या उठल्या म्हणजे काय होते हे गडावर जाणाऱ्यांस चांगलेच ठाऊक आहे. अशा कातळाच्या अंगाखाली दररोज जाळ करण्याची कल्पना घरात बसून लिहिणाऱ्यासच सुचू शकते.

मग सुळक्याचा उपयोग काय होता? उपयोग होता, पण तो उलट दिशेचा होता. सुळका पाहण्याची जागा नसून पाहिला जाण्याची जागा आहे. बंदरात येणाऱ्या गलबतास, बोरघाट उतरून पनवेलकडे वळणाऱ्या तांड्यास, पेणकडून येणाऱ्या प्रवाशास तो दिशा दाखवीत असे. इंग्रज खलाशांनी दिलेले नाव हाच त्याचा उत्तम पुरावा आहे. ते नाव समुद्रावरून पाहणाऱ्याने ठेवले आहे, डोंगरावरून पाहणाऱ्याने नव्हे. टेहळणी होत होती ती गडाच्या माचीवरून, तटावरून व दरवाजाच्या माथ्यावरून. तेथून प्रबळगड, माथेरान व माणिकगड दिसतात, आणि स्वच्छ दिवशी मुंबईचे बंदरही दिसते. त्यासाठी आणखी सव्वाशे फूट चढण्याची गरज नाही.

(४) अग्निसंकेत : शास्त्र व व्यवहार

अग्निसंकेताची कल्पनाच खोटी आहे, असे आमचे म्हणणे नाही. ती फार प्राचीन आहे. शामशास्त्री ह्यांनी इ. स. १९०९ मध्ये प्रसिद्धीस आणलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणाच्या चौतिसाव्या अध्यायात, कुरणांवरील अधिकाऱ्याचे म्हणजे विवीताध्यक्षाचे कार्य सांगितले आहे. चोर अथवा शत्रू दिसताच रानातील रखवालदारांनी झाडावर वा डोंगरावर चढून शंख-दुंदुभी वाजवावी; आणि शत्रूची वा रानटी टोळ्यांची हालचाल राजास कळविण्यासाठी मुद्रांकित पत्रे बांधलेली पाळीव कबुतरे सोडावी, किंवा धूर व अग्नी ह्यांच्या परंपरेने बातमी पोचवावी, असा त्याचा आशय आहे. येथे 'परंपरा' हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एक जाळ म्हणजे संकेत नव्हे. तो पाहणारा दुसरा, त्याचा पाहणारा तिसरा, अशी साखळी असेल तरच बातमी चालते. धूर दिवसाचा व ज्वाला रात्रीची, हेही त्या जोडशब्दातच आले.

मराठी साधनांतही अग्निसंकेताचे एक नामांकित उदाहरण आहे. सभासदाच्या बखरीत सिंहगड घेतल्याचा प्रसंग आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये गड हाती येताच मावळ्यांनी पागेच्या खणांस आग लावली, आणि तो उजेड राजगडावरून पाहून महाराजांनी गड घेतल्याचे जाणले, असे तो सांगतो. हे उदाहरण पूर्वपक्षाचे लेखक आपल्या बाजूने देतात. परंतु नीट पाहता ते त्यांच्या विरुद्ध जाते. सिंहगडासारख्या मातबर किल्ल्यावर संकेताची कायमची जागा, रचून ठेवलेली लाकडे व नेमलेली माणसे असती, तर विजयी शिपायांस पागेची छपरे पेटविण्याचे कारण काय होते? हा त्या रात्रीपुरता योजलेला संकेत होता. एक प्रसंग झाला म्हणून ठाणे होते, असे म्हणणे म्हणजे एकदा पाहुणा आला म्हणून घरास धर्मशाळा म्हणण्यासारखे आहे.

'ठाणे' म्हणावयास काय काय हवे, हे ठरविण्यास बाहेरच्या जगातील एक उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इ. स. १९१० च्या उन्हाळ्यात आयडाहो व माँटाना ह्या प्रांतांत प्रचंड वणवा पेटला व सुमारे तीस लाख एकर रान जळाले. त्यानंतर तेथील वनखात्याने दुर्गम शिखरांवर वणव्याच्या टेहळणीची ठाणी उभारण्याचा धडाका लावला. त्या ठाण्यांत राहण्याची खोली असे, पाण्याची सोय असे, नेमलेला माणूस असे, खाली वर्दी देण्याचे साधन असे व रोजची नोंदवही असे. मध्यभागी वर्तुळाकार नकाशा व त्यावर फिरणारी दृष्टिपट्टी असलेले यंत्र ठेवीत. त्यातून धुराची दिशा कळे. परंतु एका शिखरावरून केवळ दिशा कळते, स्थळ कळत नाही. दोन शिखरांवरून घेतलेल्या रेषा जेथे छेदतात तेथे आग, असा हिशेब असे. म्हणजे तेथेही एकटे ठाणे निरर्थक. जोडी किंवा साखळी हवीच. कौटिल्याची 'परंपरा' व अमेरिकेच्या वनखात्याचे छेदबिंदू ही दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

ह्या कसोटीवर कर्नाळ्याचे अग्निठाणे सिद्ध करावयाचे असेल, तर पाच गोष्टी दाखविल्या पाहिजेत : वर जाण्याची वाट, नेमलेला माणूस, सर्पण-तेलाचा खर्च, समोरचे जोडठाणे आणि वर्दी पोचल्याची एक तरी नोंद. पूर्वपक्ष ह्यांपैकी एकही दाखवीत नाही. प्रबळगड कर्नाळ्यावरून दिसतो, एवढे म्हणून तो थांबतो. एकमेकांस दिसणारे दोन डोंगर कोकणात शेकडो आहेत. दिसणे ही संकेताची पूर्वअट होय, संकेताचा पुरावा नव्हे.

त्यातून कोकणचा पावसाळा आहे. ज्येष्ठाच्या अखेरीपासून भाद्रपदापर्यंत ह्या डोंगरांची डोकी ढगांत असतात. त्या चार महिन्यांत जाळ पेटत नाही, पेटला तर दिसत नाही. ज्या व्यवस्थेवर राज्याची सुरक्षितता अवलंबून ठेवावयाची ती वर्षाचा तिसरा हिस्सा बंद राहावी, हे चाणाक्ष कारभाऱ्यांस मानवले नसते. बारमाही बातमी चालविली ती जासूद व हरकारे ह्यांच्या पायांनी, आणि तातडीचा इशारा दिला तो तोफेच्या आवाजाने.

(५) वणवा व गड : पुरावा काय सांगतो

ह्याचा अर्थ असा नव्हे की, मराठी राज्यात आगीची चिंता वाहिली जात नव्हती. उलट ती फार बारकाईने वाहिली जात होती; मात्र तिचे स्वरूप सुळक्यावरील पहारेकऱ्याच्या चित्रापेक्षा निराळे आहे.

चिपळूणनजीक दळवटण्याच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांस शिवाजी महाराजांच्या वेळी लिहिलेले व राजवाड्यांनी छापलेले पत्र सर्वश्रुत आहे. त्यात रयतेच्या काडीसही हात न लावण्याची जी ताकीद आहे, तिचा उल्लेख सर्व करतात. परंतु त्याच पत्राचा मोठा भाग आगीविषयी आहे, इकडे लक्ष कमी जाते. कोणी चुली पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, वारा सुटेल व गवताच्या गंजी आणि पागा जळून जातील, असा एकेक धोका त्यात मोजून दाखविला आहे. हा खरा अग्निपहारा. पण तो डोंगरमाथ्यावरचा नसून छावणीतील चुलीपाशी आहे.

दुसरा पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा. इ. स. १७१६ च्या सुमाराच्या ह्या ग्रंथातील दुर्गप्रकरण पाहता गडाच्या झाडीविषयी दोन प्रकारचे नियम आढळतात. तटाच्या सांध्यांत व कड्याकपारींत पावसाळ्यानंतर वाढलेली, ज्यांच्या आधाराने माणूस वर चढेल अशी झाडेझुडपे दरसाल कापून जाळून टाकावी, हा एक नियम. गडाच्या घेऱ्यातील रान मात्र राखावे, वाढवावे, त्यातील काडीही तोडू देऊ नये, हा दुसरा. म्हणजे वरचे जाळावयाचे व खालचे राखावयाचे. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, ही सूचनाही त्याच धोरणातील आहे.

ह्यावरून एक अनुमान काढता येते. ते अनुमान म्हणूनच मांडतो. घेऱ्याचे रान हे गडाचे पहिले कवच असल्याने त्यास लागलेला वणवा हे गडावरील संकट होते. तेव्हा गडाची आगीवरील नजर दूरच्या क्षितिजाकडे नसून पायाखालच्या घेऱ्याकडे असणार. आणि ती नजर ठेवणारी माणसे सुळक्याच्या टोकावर नसून डोंगराच्या कमरेवरील मेटांत बसणारी असणार. घेऱ्याची राखण जागोजागी कोळी, महार, रामोशी अशा जमातींकडे असे, हे किल्ल्यांच्या व्यवस्थेच्या कागदांवरून परिचित आहे. प्रस्तुत प्रश्नात खरे मोल ह्या माणसांचे आहे. सुळक्यावर एक काल्पनिक पहारेकरी उभा केला म्हणजे मेटावरील खरा पहारेकरी दिसेनासा होतो.

आजही ही गोष्ट बदललेली नाही. कर्नाळ्याचे रान इ. स. १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून राखीव झाले. उन्हाळ्यापूर्वी गवत कापून, जाळून जाळरेषा काढणे हाच तेथील वणव्यावरचा मुख्य उपाय आहे. डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण इ. स. २००४ पासून कृत्रिम उपग्रहांच्या साह्याने वणव्यांच्या सूचना देत आहे. तथापि सूचना आल्यावर ओल्या डहाळ्या घेऊन आग झोडपावयास जावे लागते ते वनरक्षकास व पायथ्याच्या वाड्यांतील ठाकूर-कातकऱ्यांस. पहारा वरून होत असला, तरी आग खालीच विझते.

(६) शेजारची उदाहरणे

एक दंतकथा पुष्ट झाली म्हणजे ती एकटी राहत नाही. कलावंतिणीच्या सुळक्यास कोणी इसवी सनापूर्वी पाचशे वर्षांचे वय देतात, तर कोणी 'कलावंतीण' नावाच्या राणीसाठी तो बांधला असे लिहितात. कलावंतीण हे मराठीत विशेषनाम नाही. नाचगाण्यावर उपजीविका करणाऱ्या स्त्रीस हा शब्द लावतात, आणि पडक्या वास्तूंस असली नावे देण्याची चाल सर्वत्र आहे. पन्हाळ्यावर नायकिणीचा सज्जा आहे. म्हणून नायकीण नावाची राणी होऊन गेली, असे कोणी म्हणत नाही. त्या सुळक्याशी निगडित जी जिवंत गोष्ट आहे, म्हणजे माची-प्रबळच्या आदिवासींनी होळीच्या सणास माथ्यावर जाऊन नाचण्याची चाल, तिची नोंद मात्र राणीच्या गोष्टीपुढे फिकी पडते.

बेलापूरच्या किल्ल्याची कथाही अशीच. इ. स. १७३३ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला, विजय मिळाल्यास अमृतेश्वरास बेलाची माळ वाहण्याचा त्यांचा नवस होता, आणि त्या बेलावरून 'बेलापूर' हे नाव पडले, असे लिहितात. चिमाजी अप्पांची फिरंग्यांवरील उत्तर कोकणची मोहीम इ. स. १७३७ मध्ये सुरू झाली व मे १७३९ मध्ये वसई पडल्यावर संपली. १७३३ हे साल त्या मोहिमेत बसत नाही. शिवाय अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूरजवळ बेलापूर आहे. त्यास चिमाजी अप्पांच्या नवसाची गरज पडली नाही. बेलाची झाडे महाराष्ट्रात सर्वत्र आहेत, व झाडांवरून गावांस नावे पडणे ही नित्याची गोष्ट आहे. ह्याच किल्ल्यातून घारापुरीपर्यंत समुद्राखालून भुयार गेले आहे, ही तिसरी कथा केवळ उल्लेखून सोडतो.

मात्र न्याय दोन्ही बाजूंनी झाला पाहिजे. बेलापुरास टेहळणीचा बुरूज होता हे निर्विवाद आहे. त्याचे बांधकाम उभे राहिलेले लोकांनी पाहिले आहे, आणि तो पनवेलच्या खाडीवर नजर ठेवण्याजोग्या जागी आहे. बेलापुरास वास्तू आहे म्हणून आम्ही ती मानतो. कर्नाळ्याच्या सुळक्यावर ती नाही म्हणून मानीत नाही. कसोटी एकच आहे.

(७) कर्तव्य

कोणी विचारील की, एका सुळक्यावर पहारा होता की नव्हता ह्याने काय बिघडते? बिघडते ते असे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. कर्नाळा व बेलापूर त्यांत नाहीत. त्यामुळे राहिलेल्या किल्ल्यांचे महत्त्व वाढवून सांगण्याचा मोह आता अधिक होणार, आणि तो सदिच्छेने होणार असल्यामुळे अधिक घातक ठरणार. ज्या किल्ल्याचे नाव पुरंदरच्या तहात आहे, ज्याच्या दरवाजावर न वाचलेला सन आहे, आणि जेथे इ. स. १८१८ मध्ये कर्नल प्रॉदरच्या फौजेपुढे मराठी अंमल संपला, त्यास काल्पनिक अलंकारांची गरज नाही.

दुसरे, प्रत्यक्ष भूमीच बदलत चालली आहे. इ. स. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन खाडीच्या काठी नवे शहर वसले. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट करण्यात आली. पारसिकच्या डोंगरास खाणींनी खाल्ले आहे. कोणत्या गडावरून कोणता गड व कोणती खाडी दिसत होती, हे आज मोजून व रेखाटून ठेविले नाही, तर उद्या ह्या प्रश्नाचा निकाल कोणत्याच बाजूने लावता येणार नाही.

म्हणून सूचना करावयाच्या त्या अशा. प्रथम, दोन्ही दरवाजांवरील लेखांचे नवे ठसे घेऊन ते फारसी व मोडी-देवनागरी जाणणाऱ्या दोन स्वतंत्र वाचकांकडून वाचवून घ्यावे. दुसरे, पुण्याच्या पेशवे दप्तरात कर्नाळ्याचे व प्रबळगडाचे जे जमाखर्च, हजेऱ्या व ताळेबंद असतील, त्यांत तेल, मशाली, लाकूडफाटा व मेटकऱ्यांचे मुशाहिरे ह्या कलमांकडे विशेष लक्ष द्यावे. रात्रीचा जाळ फुकट पेटत नाही. तो पेटला असेल तर त्याचा खर्च कोणत्यातरी कारकुनाने लिहिलाच असेल. तिसरे, कर्नाळ्याची किल्लेदारी शिरढोणच्या फडके घराण्याकडे होती, आणि वासुदेव बळवंतांचे आजोबा अनंतराव हे तेथील किल्लेदार होते, असे सांगतात. पनवेल, पेण, उरण ह्या टापूतील जुन्या घरांतून मोडी रुमाल आहेत, ते वाळवीच्या हाती पडण्यापूर्वी संग्राहकांनी मिळवावे, निदान त्यांच्या प्रतिमा घ्याव्या.

ह्या शोधात सुळक्यावरील पहाऱ्याचा एक जरी अस्सल कागद निघाला, तरी तो ह्याच त्रैमासिकात प्रसिद्ध व्हावा. त्यापुढे प्रस्तुत परीक्षणातील प्रतिपाद्य आपोआप मागे पडेल. तूर्त एवढेच सिद्ध धरावे : गड टेहळणीचा होता; सुळका खुणेचा होता; आणि आगीवरील पहारा मेटावर बसणाऱ्या माणसांचा होता. फलक लिहावयाचाच झाला, तर त्यावर प्रथम त्या माणसांचा उल्लेख यावा.